प्ल्युस-क-पार्फे: वाक्यात 'होतो' दिसला की आधी थांबा

फ्रेंचमधला प्ल्युस-क-पार्फे हा भूतकाळ शिकवून झाला की पुढचे पंधरा दिवस वह्यांमध्ये त्याचा पूर येतो. 'काल मी बाजारात गेलो होतो', 'ती निळी साडी नेसली होती', 'तू फोन केलास तेव्हा मी झोपलो होतो', सगळीकडे तोच काळ. रूप बरोबर, सहायक क्रियापद बरोबर, शेवटचं अक्षरही बरोबर, आणि तरी वाक्य चूक. मुलं हिरमुसतात. मराठीत तर आपण असंच म्हणतो ना! गोम तिथेच आहे. हे रूप बनवायला अर्ध्या तासात येतं. ते कुठे वापरायचं, हे मात्र मराठीतल्या 'होतो'च्या भरवशावर ठरवलं की हमखास चुकतं. म्हणून या लेखातला पहिला आणि सगळ्यात मोठा टप्पा रूपाचा नाही, निवडीचा आहे.

फ्रेंच शब्द इथे कानाला ऐकू येतात तसे लिहिलेत. 'ज' सगळीकडे 'जोर'मधला, 'झ' हा 'बोंझूर'मधला. 'यु' म्हणताना ओठ 'ऊ'साठी करतो तसे गोल ठेवून आतून 'ई' म्हणायची. स्पेलिंगवर सगळं अवलंबून आहे तिथे अक्षरं इंग्रजी नावांनी सुटी सांगितली आहेत. वही जवळ ठेवा आणि प्रत्येक उदाहरण फ्रेंच लिपीत स्वतः लिहून काढा. नुसतं वाचून हा काळ हाताला बसत नाही.

## तयारी: सुरू करण्याआधी काय पाठ हवं

पहिली गोष्ट, आव्वार (जवळ असणे) आणि एत्र (असणे) या दोन सहायक क्रियापदांचा अँपार्फे, म्हणजे चालू क्रियेचा किंवा स्थितीचा भूतकाळ.

आव्वार: झावे, त्यु आवे, इल आवे, नू जाव्यों, वू जाव्ये, इल जावे.
एत्र: झेते, त्यु एते, इल एते, नू जेत्यों, वू जेत्ये, इल जेते.

सहापैकी चार रूपांचा शेवट कानाला एकच, 'ए'. कागदावर मात्र तो तीन प्रकारे लिहितात. झ आणि त्यु यांना ए-आय-एस, एकवचनी इल किंवा एल यांना ए-आय-टी आणि अनेकवचनी इल किंवा एल यांना ए-आय-ई-एन-टी. पाठांतर तोंडाने केलंत तर परीक्षेत इथेच मार्क जातात. ही बारा रूपं लिहूनच पाठ करा.

दुसरी गोष्ट, निदान चाळीस क्रियापदांचे पार्तिसिप पासे, म्हणजे सहायक क्रियापदापुढे येणारी 'गेलेलं', 'बोललेलं' अशी रूपं. ते गटाने कसे धरायचे ते टप्पा 4 मध्ये आहे.

तिसरी गोष्ट पासे कोंपोजे, म्हणजे घडून संपलेल्या घटनेचा नेहमीचा भूतकाळ. तो पक्का असेल तर नवं असं फारच थोडं शिकायचं आहे. झे मांझे (मी जेवलो) याचं झावे मांझे होतं आणि झ स्वी पार्ती (मी निघालो) याचं झेते पार्ती. बदलतं ते फक्त सहायक क्रियापद.

तपासणी: पुस्तक मिटून दहा क्रियापदं पासे कोंपोजेमध्ये लिहा, त्यातली निदान तीन एत्रवाली असू द्या. दोनपेक्षा जास्त चुकली तर इथून पुढे जाऊ नका. आधी ते दुरुस्त करा.

## टप्पा 1: हा काळ इथे हवा का?

प्ल्युस-क-पार्फेला एक खुंटी लागते. भूतकाळातली एक घटना किंवा एक क्षण, आणि त्याच्याही आधी घडून गेलेली दुसरी गोष्ट. ती आधीची गोष्ट या काळात जाते. म्हणून वाक्य हातात आलं की एकच प्रश्न विचारा: कशाच्या आधी?

'मी घरी पोचलो तेव्हा आई ऑफिसला गेली होती.' कशाच्या आधी गेली? मी पोचायच्या आधी. खुंटी सापडली.

कां झ स्वी जारिवे आ ला मेजों, मा मेर एते देझा पार्ती ओ ब्युरो.

पोचणं पासे कोंपोजेमध्ये, आईचं जाणं प्ल्युस-क-पार्फेमध्ये.

आता 'काल मी बाजारात गेलो होतो.' कशाच्या आधी? उत्तर नाही. घटना घडून संपली, एवढंच मराठीतला हा 'होतो' सांगतो. फ्रेंचमध्ये हा सरळ पासे कोंपोजे: येर, झ स्वी जाले ओ मार्शे. 'तुम्ही कधी पॅरिसला गेला होतात का?' यालाही हेच लागू आहे.

खुंटी दर वेळी वाक्यात लिहिलेली असेलच असं नाही. 'मी तुला सांगितलं होतं!' म्हणजे झ त लावे दी! इथे आत्ता जी फजिती झाली तीच खुंटी. बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला ती ठाऊक असते, म्हणून कुणी उच्चारत नाही.

दुसरा सापळा याहून फसवा आहे, आणि तो मराठी बोलणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगावा लागतो. काही क्रियापदांत 'लो होतो' म्हणताना आपण घटना सांगतच नसतो, त्या वेळची स्थिती सांगतो.

'तू फोन केलास तेव्हा मी झोपलो होतो.' म्हणजे त्या क्षणी मी झोपेत होतो. फ्रेंचमध्ये अँपार्फे: झ दोर्मे. तिथे झावे दोर्मी लिहिलंत तर 'माझी झोप आधीच होऊन गेली होती', म्हणजे फोन आला तेव्हा मी जागा होतो, असा उलटा अर्थ निघतो. 'ती निळी साडी नेसली होती' हेही तसंच: एल पोर्ते अं सारी ब्ल. 'आजी बाकावर बसल्या होत्या' यात एत्रचा अँपार्फे आणि पुढे आसीज हे विशेषणासारखं येतं. दिसायला प्ल्युस-क-पार्फे, प्रत्यक्षात नुसती स्थिती. 'थकलो होतो'ही याच पंगतीतलं.

ओळखायचं कसं? 'लो होतो'च्या जागी 'लेल्या अवस्थेत होतो' घालून बघा. झोपलेल्या अवस्थेत होतो, नेसलेल्या अवस्थेत होती: कानाला विचित्र वाटतं, पण अर्थ तोच राहतो. असं झालं की अँपार्फे. 'विसरलेल्या अवस्थेत होतो' म्हणून बघा, अर्थच हरवतो. मग ती घटना आहे, आणि 'कशाच्या आधी?' हा प्रश्न विचारायला मोकळे.

आणखी दोन ठिकाणी हा काळ विनाकारण घुसतो. 'मी नुकताच जेवलो होतो' याला फ्रेंचमध्ये वेगळी रचना आहे: झ वने द मांझे. 'मी दोन तासांपासून वाट बघत होतो' यात क्रिया चालूच आहे, म्हणून अँपार्फे: झातांदे दप्युई द जर.

मराठीचा कान अगदी बरोबर चालतो अशीही एक जागा आहे, आणि ती मला फार आवडते. दारात उभं राहून, समोरच्याशी बोलत असतानाच आपण म्हणतो, 'जरा सल्ला विचारायला आलो होतो.' आलो आहोत, समोरच आहोत, तरी 'होतो'. आदब म्हणून. फ्रेंच माणूसही अशाच वेळी म्हणतो: झेते वन्यु वू दमांदे अं कोंसेय.

इशारा: गोष्ट सांगताना सगळीच वाक्यं या काळात लिहू नका. मुख्य धागा पासे कोंपोजेने पुढे न्यायचा. मागे वळून बघायची वेळ आली की तेवढंच वाक्य प्ल्युस-क-पार्फेमध्ये.

## टप्पा 2: आव्वार की एत्र?

निवड पासे कोंपोजेसारखीच. एत्र घेणारी नेहमीची: आले, वनीर, आरिवे, पार्तीर, आंत्रे, सोर्तीर, मोंते, देसांद्र, नेत्र, मूरीर, रेस्ते, तोंबे, रतूर्ने, पासे, शिवाय रवनीर, दवनीर, रांत्रे ही त्यांची भावंडं. आणि 'स' लागणारी सगळी क्रियापदं, उदाहरणार्थ स लवे (उठणे).

मराठीवरून अंदाज बांधू नका. 'मी गेलो, मी धावलो, मी चाललो, मी झोपलो' ही चारही रूपं मराठीत एका साच्यातली, म्हणून चारही एत्रवाली वाटतात. त्यातलं फक्त 'गेलो' एत्रचं. बाकीची तीन आव्वारची: झावे कूर्यु, झावे मार्शे, झावे दोर्मी.

एत्रच्या यादीतली काही क्रियापदं कर्म आलं की आव्वारकडे जातात: मोंते, देसांद्र, सोर्तीर, रांत्रे, रतूर्ने, पासे. इथे मात्र मराठी मदतीला येते. 'ती उतरली होती' म्हणजे एल एते देसांद्यु. 'तिने बॅगा खाली उतरवल्या होत्या' म्हणजे एल आवे देसांद्यु ले वालीज. मराठीत चढणे-चढवणे, उतरणे-उतरवणे असा फरक पडत असेल, तर 'वणे' असलेल्या वाक्याला आव्वार.

इशारा: एत्र या क्रियापदाचा स्वतःचा प्ल्युस-क-पार्फे आव्वारने होतो: झावे एते. आव्वारचाही आव्वारनेच होतो आणि त्याचं पार्तिसिप, ई-यू या दोन अक्षरांचं, नुसतं 'यु' म्हणायचं.

## टप्पा 3: सहायक क्रियापद अँपार्फेमध्ये घाला

तयारी झाली असेल तर हा टप्पा एका मिनिटाचा. कान मात्र तयार करा, कारण श्रवणाच्या परीक्षेत इथेच गोंधळ होतो. इलेतारिवे म्हणजे 'तो आला', पासे कोंपोजे. इलेते तारिवे म्हणजे 'तो आला होता'. मध्ये एक 'ते' जास्त, एवढाच फरक. दोन्ही वाक्यं पाच-पाच वेळा मोठ्याने म्हणा.

## टप्पा 4: पार्तिसिप पासे जोडा

नियमित तीन साचे आहेत. ई-आर शेवट असलेल्यांना आक्सांतेग्युचा, म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या ई अक्षराचा, 'ए' (पार्ले), आय-आरवाल्यांना 'ई' (फिनी), आर-ईवाल्यांना 'यु' (वांद्यु).

अनियमित क्रियापदं वर्णक्रमाने पाठ करू नका. आवाजाने गट करा.

'यु'चा गट: व्यु, ल्यु, ब्यु, स्यु, प्यु, द्यु, वूल्यु, कोन्यु, रस्यु, वन्यु, कूर्यु.
'ई' ऐकू येते पण शेवटी न उच्चारलेला एस: प्री, आप्री, कोंप्री, मी, आसी.
शेवटी न उच्चारलेला टी: दी, एक्री, फे, कोंद्वी.
'एर'चा गट: ऊवेर, ओफेर, कूवेर, देकूवेर, सूफेर.
सुटे: एते, ने, मोर.

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक ई-आर क्रियापदांची. 'बोलणे' आणि 'बोललेलं' दोन्ही कानाला पार्ले, म्हणून झावेनंतर मुलं मूळ रूपच, म्हणजे शेवटी ई-आर, लिहून टाकतात. फ्रान्समधल्या शाळकरी मुलांचीही हीच चूक होते आणि त्यांना शिकवतात तोच उपाय आपल्यालाही पुरतो. त्या जागी वांद्र हे क्रियापद ठेवून बघा. झावे वांद्र बसतं की झावे वांद्यु? वांद्यु बसतं, म्हणजे पार्तिसिप, म्हणजे आक्सांतेग्यु.

## टप्पा 5: नकार, सर्वनामं आणि क्रियाविशेषणं जागेवर ठेवा

हा टप्पा मेळाच्या, म्हणजे लिंग-वचनाप्रमाणे पार्तिसिपचा शेवट बदलण्याच्या, आधी का? कारण आव्वारबरोबरचा मेळ कर्म पुढे आलं की मागे राहिलं यावर ठरतो. शब्द जागेवर बसण्याआधी शेवटची अक्षरं जोडलीत तर परत खोडावी लागतात.

न आणि पा सहायक क्रियापदाच्या दोन बाजूंना: झ नावे पा मांझे. सर्वनामं सहायक क्रियापदाच्या आधी. 'मी त्याच्याशी त्याबद्दल कधीच बोललो नव्हतो' हे झ न ल्वी आं नावे झामे पार्ले असं होतं. देझा, बियँ, त्रो, तूझूर ही छोटी क्रियाविशेषणं मध्ये बसतात, येर, इसी, तार ही पार्तिसिपनंतर.

पेर्सोन (कुणीच नाही) मात्र पार्तिसिपच्या मागे जातं: झ नावे व्यु पेर्सोन. झामेच्या सवयीने ते मध्ये घालू नका.

## टप्पा 6: मेळ

एत्र असेल तर पार्तिसिप कर्त्याप्रमाणे बदलतं, जसं 'ती गेली होती, त्या गेल्या होत्या'. स्त्रीलिंगी असेल तर शेवटी ई, अनेकवचनी असेल तर एस.

आव्वार असेल तर कर्त्याकडे बघायचंच नाही. कर्म शोधा, आणि ते पार्तिसिपच्या आधी आलंय का ते बघा. आधी आलं तरच मेळ.

मराठीत 'ठेवल्या होत्या' हे किल्ल्यांप्रमाणे बदलतं, किल्ल्या वाक्यात कुठेही असोत. फ्रेंचमध्ये जागा ठरवते. एकच वाक्य दोन प्रकारे लिहून बघू.

झावे मी ले क्ले स्युर ला ताब्ल. किल्ल्या, म्हणजे ले क्ले, मागून येतात. 'मी' हे पार्तिसिप लिहिताना किल्ल्या वाक्यात अजून यायच्याच होत्या, म्हणून त्याला काही जोडायचं नाही.

झ ले जावे मीज स्युर ला ताब्ल. 'त्या' म्हणजे ले हे सर्वनाम आधी आलं. पार्तिसिपला ई-एस लागलं आणि आता ते ऐकूही येतं: मी नाही, मीज.

ज्यांच्या शेवटी न उच्चारलेला एस किंवा टी असतो, त्या सगळ्यांचा स्त्रीलिंगी मेळ असा कानाला कळतो. ला लेत्र क झावे एक्रीत, ला फोतो क झावे प्रीज. बोलताना इथे मेळ विसरलात तर समोरच्याला खटकू शकतं. पार्लेसारख्यांमध्ये तो फक्त कागदावर दिसतो.

ल्वी आणि लर ही सर्वनामं आधी आली तरी मेळ होत नाही, कारण ती 'ला' विभक्तीची, थेट कर्म नव्हेत. 'स'वाल्या क्रियापदांतही हाच विचार करा. एल सेते लावे (तिने अंघोळ केली होती) यात 'स' म्हणजे तीच कर्म, म्हणून शेवटी ई. एल सेते लावे ले मँ (तिने हात धुतले होते) यात कर्म म्हणजे हात, आणि ते मागे आहेत, म्हणून ई नाही. कानाला दोन्ही सारखंच.

तपासणी: लिहून झाल्यावर प्रत्येक पार्तिसिपखाली रेघ मारा आणि तिथून डावीकडे वाचत जा. एत्र दिसलं तर कर्ता शोधा, मात्र 'स' असेल तर आव्वारसारखंच थेट कर्म बघा. आव्वार दिसलं तर डावीकडे थेट कर्म आहे का बघा. नसेल तर शेवटी काही जोडू नका.

## टप्पा 7: दोन जागा जिथे मराठी काळ बदलत नाही

'तर'ची वाक्यं. 'अभ्यास केला असता तर पास झालो असतो.' मराठीत दोन्हीकडे 'असता', त्यामुळे फ्रेंचमध्येही दोन्हीकडे कोंदिस्योनेल पासे ('झालो असतो'सारखं रूप) लिहिला जातो. ते चूक. 'सी'च्या बाजूला प्ल्युस-क-पार्फे, दुसऱ्या बाजूला कोंदिस्योनेल पासे:

सी झावे एत्युदिये, झोरे रेयुसी.

फ्रेंच मुलं घोकतात: ले सी नेम पा ले रे. सीला 'रे' आवडत नाही. झोरे, झ सरे यांच्या शेवटी येतो तो 'रे'. अट सांगणाऱ्या सीपाठोपाठ 'रे' आला की खोडा. दुसरा भाग सोडून दिला की तीच हळहळ होते: सी सल्मां झावे स्यु! 'मला आधी कळलं असतं तर!'

दुसऱ्याचं बोलणं सांगताना. 'मी औषध घेतलं असं ती म्हणाली.' आपण तिचे शब्द जसेच्या तसे ठेवतो. फ्रेंचमध्ये 'म्हणाली' भूतकाळात गेलं की आतला पासे कोंपोजे एक पायरी मागे सरकतो: एल आ दी केल आवे प्री ल मेदिकामां. आत 'येर' (काल) असेल तर त्याचं ला वेय (आदल्या दिवशी) होतं. 'ती म्हणते' असं वर्तमानात असेल तर काहीच सरकवायचं नाही.

## सराव: एक परिच्छेद, सातही टप्पे

बोलणारी बाई आहे.

'मी स्टेशनवर पोचले तेव्हा गाडी सुटली होती. मी तिकीट घरीच विसरले होते. आदल्या रात्री नीट झोपलेही नव्हते. बाकावर एक आजी बसल्या होत्या. माझीपण गाडी चुकली, त्या म्हणाल्या. मी लवकर निघाले असते तर मला मिळाली असती.'

खालचं बघण्याआधी स्वतः लिहा.

1. कां झ स्वी जारिवे आ ला गार, ल त्रँ एते पार्ती. पोचणं ही खुंटी, सुटणं त्याच्या आधी. जारिवेला ई, कारण बोलणारी बाई. त्रँ पुल्लिंगी, म्हणून पार्तीला काही नाही.

2. झावे ऊब्लिये मों बिये आ ला मेजों. बाई बोलतेय म्हणून इथे ई जोडणारे पुष्कळ असतात. आव्वार आहे, तिकीट मागे आहे, काही जोडू नका.

3. ला न्वी प्रेसेदांत, झ नावे पा बियँ दोर्मी. टप्पा 1 मधलं 'झोपलो होतो' स्थिती होतं, हे 'झोपले नव्हते' मात्र पोचण्याआधी सरलेल्या रात्रीचं, म्हणून प्ल्युस-क-पार्फे. बियँ मध्ये बसलं.

4. युन वियेय दाम एते आसीज स्युर ल बां. स्थिती, म्हणून अँपार्फे. आसीजमधला 'ज' म्हणजे आजींसाठी जोडलेला ई, आणि तो ऐकू येतो.

5. एल मा दी केल ओसी आवे राते सों त्रँ. 'चुकली' एक पायरी मागे सरकलं.

6. सी झेते पार्ती प्ल्यु तो, झ लोरे यु. सीच्या बाजूला 'रे' नाही. पार्तीला ई लागतो, ऐकू येत नाही तरी लागतो, कारण एत्र आणि बोलणारी बाई. 'गाडी मिळणे' इथे आव्वारने होतं. शेवटच्या 'यु'च्या आधी 'ल' हे कर्म आलंय म्हणजे मेळ करायचाच, पण ते त्रँसाठी आलंय आणि त्रँ पुल्लिंगी एकवचनी, म्हणून ई-यू ही दोनच अक्षरं. गाडी मराठीत स्त्रीलिंगी आहे म्हणून इथे ई जोडलेला मी कित्येक वह्यांमध्ये पाहिलाय.